अकराव्या मात्रेला जीभ

वय एक्क्याऐंशी आणि नाव धाकटी. थोरली जाऊन नऊ वर्षं झाली, तरी धाकटी काही मोठी झाली नाही. मोठ्या बहिणीच्या सावलीत उभं राहिलं की वय वाढत नाही, नुसते गुडघे दुखतात.

आणि थोरली म्हणजे काही साधीसुधी बाई नव्हे. तिच्याआधी बायका नाचायच्या त्या गाण्यावर, हसत हसत, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या. थोरलीनं आधी हसू काढून टाकलं, मग गाणं काढून टाकलं, मग वाट बघणंही सोडून दिलं. उरले दोन पाय आणि एक ढोल. पहिल्या खेळाला सतरा माणसं होती, त्यातली चार चुकून आलेली. पाच वर्षांनी त्याच थिएटरात लोक खांबांना लटकून बघत होते. एकदा तर टाळ्या अशा पडल्या की छपरातली कबुतरं उडाली ती थेट शेजारच्या गावात जाऊन बसली, परत म्हणून आलीच नाहीत. आता कबुतरांचं सोडा, पण बाकीचं खरं.

आणि या एवढ्या मोठ्या बाईला मोजता येत नव्हतं.

पाचापर्यंत ठीक. सहा आला की तिच्या डोक्यात धुकं. ढोलवाला तिच्यासाठी अकरा मात्रांचं चक्र वाजवायचा, म्हणजे अकरा ठोके झाले की पुन्हा पहिला. पाय असे पडायचे की दगडाला घाम फुटावा, पण अकरा कधी संपले आणि एक कुठून सुरू झाला ते तिला मेलं उमगायचं नाही. म्हणून पहिल्या विंगेत, पडद्याच्या आडोशाला, धाकटी उभी. बोटांना खडूची पूड फासलेली, अंधारात दिसावीत म्हणून. एका ठोक्याला एक बोट उघडायचं. दहा बोटं, दहा मात्रा. अकरावीला बोट आणणार कुठून? मग धाकटी जीभ बाहेर काढायची. चांगली लांब, हनुवटीपर्यंत. जीभ दिसली की थोरलीनं गिरकी घ्यायची.

सव्वीस वर्षं असं चाललं. शहाण्या लोकांनी पुस्तकांत लिहून ठेवलं की गिरकीच्या आधी बाईंची नजर क्षितिजापलीकडे कुठेतरी जाते. क्षितिज कसलं डोंबलाचं, धाकटीची जीभ होती ती.

तर थोरलीवर सिनेमा काढायचा ठरला, आणि एक दिवस दिग्दर्शक धाकटीच्या दारात उभा राहिला. पस्तिशीचा, गोड बोलणारा, डोक्यावर लोकरीची टोपी. घरात आला तरी टोपी काढेना. धाकटीच्या लेकीनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हातांनी आईला विचारलं, “टोपी स्वतःला घालतो की लोकांना?”

“काय म्हणाल्या ताई?” टोपीवाल्यानं विचारलं.

“चहात साखर किती विचारतेय,” धाकटी म्हणाली.

लेक छप्पन वर्षांची. दोन्ही कानांनी ठार बहिरी, दीड वर्षाची असल्यापासून. छापखान्यात प्रुफं तपासायची. अजूनही घरी आणून तपासते. कागदावर माशी बसली तरी ती माशी आहे की अनुस्वार आहे ते तिला लांबून कळतं. बोलते हातांनी, आणि खूप रागावली की तोंडानंही. पण राग त्याच्याही पुढे गेला की डोळे मिटून घेते. बहिऱ्यानं डोळे मिटले म्हणजे घराला कुलूप. बाहेर बसा बोंबलत. त्यावर धाकटीनं एक किल्ली करून ठेवली होती. लेकीचा तळवा उघडायचा, त्यावर बोटानं अकरा ठोके द्यायचे, आणि अकराव्याला जीभ बाहेर काढून बसायचं. अकरावा ठोका पडला की लेक एक डोळा किलकिला करायची, समोर ती लोंबती जीभ बघायची, आणि हसू फुटायचं. चार वर्षांची असताना हा उपाय चालला, शाळेत मुलांनी चिडवलं तेव्हा चालला, ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही चालला, थोडा उशिरा.

टोपीवाला चार दुपारी आला. रेकॉर्डर टेबलावर ठेवायचा आणि धाकटी बोलायची. थोरलीचं पाचापुढे मोजता न येणं, खडू, जीभ, कबुतरं, सगळं सांगितलं. ती टाळी मागायची, तो टाळी द्यायचा. चौथ्या दुपारी लेक छापखान्यात गेली होती. त्या दुपारी धाकटीनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, “आता तुला एक सांगते. हे सिनेमात पाहिजे. बाकीचं ठेव नाहीतर नको ठेवूस.”

टोपीवाला म्हणाला, “सांगा ना आजी.”

थोरलीचा तो प्रसिद्ध थांबा सगळ्यांना माहीत होता. ऐन रंगात, ढोल टिपेला पोचलेला असताना, ती एकदम थांबायची. ढोलही थांबायचा. अकरा मात्रा सगळं थिएटर मुकं, आणि मग गिरकी. या थांब्यानं तिचं नाव झालं. यावर भाषणं झाली, प्रबंध झाले. शून्य म्हणजे काय, मौन म्हणजे काय, असं बरंच.

“तो थांबा,” धाकटी म्हणाली, “मी विंगेत नव्हते म्हणून झाला.”

तीन वाजताचा खेळ होता. लेक दीड वर्षाची. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणजे पोस्टकार्डापुरताच. पोर सकाळपासून तापलेली. धाकटी थोरलीला म्हणाली, आज नको. थोरली पायाला पट्ट्या बांधत म्हणाली, “ताप सगळ्याच पोरांना येतो गं. सत्तर मिनिटांचा तर खेळ.” मग पोरीला रंगपटात, पोशाखांच्या मोठ्या पेटीत, मऊ कपड्यांवर निजवलं आणि धाकटी विंगेत उभी राहिली. अर्धा खेळ झाला आणि आतून येणारं रडणं बदललं. आई असलेल्या बाईला कळतं ते. धाकटी सहाव्या बोटावर होती. तशीच वळली आणि पळाली. पोरीचं अंग तव्यासारखं, मान ताठ, बुबुळं वर. कपड्यात गुंडाळून छातीशी धरली आणि मागच्या दारापर्यंत गेली. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे.

“आणि तेवढ्यात बाहेर सगळं थांबलं,” धाकटी म्हणाली. “तिला सहा दिसले आणि सात दिसेना. काय करणार? उभी राहिली. ढोलवाला घाबरून थांबला. सहाशे माणसं श्वास धरून बसली. आणि मॅनेजर आला रे, आणि माझा दंड धरून मला ओढत विंगेत नेलं. पोर पेटीत परत. मी अकरा मोजले, जीभ काढली, हिनं गिरकी घेतली. ते थिएटर फुटलं बघ टाळ्यांनी.”

“मग?”

“मग उरलेली पस्तीस मिनिटं मोजली. मग दवाखाना. चौथ्या दिवशी ताप उतरला. कान गेले होते. डॉक्टरला विचारलं, तासभर आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, सांगता येत नाही.” धाकटीनं बाही वर केली. दंडावर एक काळा डाग होता. “हा बघ. मॅनेजरचा हात.”

डाग इस्त्रीचा होता. मॅनेजर मरून वीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर गाठोडं ठेवलं की तो खाली टाकत नाही.

“ताईंना हे ठाऊक आहे?” टोपीवाल्यानं विचारलं.

“तिला मी सांगितलंय, डॉक्टर वेळेवर आला नाही.”

“इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं. म्हणून तर तुला सांगतेय.”

धाकटीचा डाव साधा होता. आपण टोपीवाल्याला सांगायचं, त्यानं पडद्याला, पडद्यानं लेकीला. उकळतं पाणी दोन-तीन भांड्यांतून ओतलं की हाताला सोसतं. लेक अंधारात शेजारी बसलेली असेल, पडद्यावर खाली अक्षरं उमटतील, ती वाचेल, आणि मग जे काय व्हायचं ते होईल. एक्क्याऐंशीव्या वर्षी माणूस दुसरं काय मागतो? एकदा शिवी खाऊन मोकळं व्हायचं.

वर्षभरानं बोलावणं आलं. सिनेमा जोडून झाला होता. चाळीस लोकांना बोलावून दाखवायचा, त्यांचं मत घ्यायचं. धाकटीनं फोनवर पहिलं विचारलं, “खाली अक्षरं आहेत का?”

“या कॉपीवर नाहीत आजी. ताईंना पुढच्या वेळी आणा.”

ती एकटीच गेली. छोटं थिएटर, लाल खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक फॉर्म आणि एक पेन्सिल. पावणेतीन तासांचा सिनेमा. थोरलीचं काम करणारी पोरगी बरी नाचत होती. निदान मोजता येत होतं तिला. धाकटीचं काम करणारी उंच, गोरी, दुःखी. जीभ मात्र काढेना. अकराव्या मात्रेला नुसती मान हलवायची. धाकटीनं टोपीवाल्याला कोपर मारलं.

“जीभ कुठाय?”

“लोक हसले असते आजी.”

“अरे, मग हसू द्यायचं होतं! सत्तर मिनिटांत तेवढंच हसण्यासारखं होतं.”

पण तो प्रसंग होता. पेटी होती, पोर होती, मागचं दार होतं, मॅनेजरचा हात होता. उंच गोरी पोरगी पोरीला पेटीत ठेवून गेली तेव्हा धाकटीनं खुर्चीचा दांडा धरून ठेवला. मागच्या रांगेत एक बाई बोलली, हळू पण स्वच्छ, “आई आहे की कोण आहे ही?”

सिनेमा संपला. लोकांनी फॉर्म भरले, दाराशी टेबलावर ठेवले आणि गेले. टोपीवाला कुणाशी तरी बोलत होता. धाकटीनं सरळ जाऊन गठ्ठा मांडीवर घेतला आणि चष्मा लावला.

‘नाच उत्तम. बहीण बघवत नाही.’

‘पहिला तास छान. पोराला टाकून जाणारी आई दाखवून काय मिळवलंत?’

‘मॅनेजर वाईट आहेच, पण आई त्याहून वाईट. हात झटकून जायचं ना बाई!’

असे एकतीस. धाकटीनं एक कोरा फॉर्म घेतला, डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं, ‘बहिणीचं काम फार सुंदर. मुळीच कापू नये. दोन मिनिटं वाढवावं,’ आणि गठ्ठ्याच्या मधोमध खुपसून दिला. म्हातारीला मत देऊ नका असं कुठं लिहिलं होतं?

एका मतानं काय होतंय. दोन महिन्यांनी संकलन करणाऱ्या बाईचा फोन आला. हिला सगळे कातरीवाली म्हणायचे, आणि ती स्वतःही फोनवर तेच म्हणाली. “आजी, एकदा येऊन जा. टोपीवाल्याला सांगू नका.”

कातरीवालीची खोली म्हणजे एक अंधारकोठडी. खिडकीवर जाड घोंगडी ठोकलेली, टेबलावर दोन पडदे, तळाला सुकलेल्या कॉफीचे पाच कप. भिंतीवर प्रत्येक प्रसंगाचं एकेक कार्ड टाचणीनं लावलेलं. मधे एका जागी नुसत्या टाचण्या होत्या, कार्डं नव्हती.

“तिथे मी होते वाटतं,” धाकटी म्हणाली.

कातरीवाली खुर्ची पुढे सरकवत म्हणाली, “आता तीन सिनेमे झालेत आजी. पहिला तुम्ही बघितला तो, पावणेतीन तासांचा. तो दूर एका महोत्सवात दोनदा दाखवतील, आणि मग कपाटात. दुसरा दोन तासांचा, थिएटरसाठी. तिसरा दीड तासाचा, टीव्हीसाठी. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा.”

“अक्षरं कशावर?”

“फक्त तिसऱ्यावर. चॅनेलचा नियम आहे.”

“मग तिसऱ्यात मी आहे का तेवढं सांग. बाकीच्या दोघांना घाल चुलीत.”

कातरीवालीनं डोळे चोळले. दोन रात्री झोपली नसावी. “दुसऱ्यात तुम्ही नाहीच. बहीणच नाही. बाई एकट्या मोजतात, एकट्या थांबतात, प्रतिभा म्हणून थांबतात. तिसऱ्यात…” तिनं एक कळ दाबली. “तुम्हीच बघा.”

पडद्यावर थोरली नाचत होती. थांबली. ढोल थांबला. आतून लहान मूल रडल्याचा आवाज. थोरलीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि खाली अक्षरं आली: ‘जग टाळ्यांची वाट बघत होतं. तिला मात्र एका तापलेल्या बाळाचं रडणं ऐकू आलं.’ आणि पुढच्याच क्षणी थोरली पोरीला कडेवर घेऊन, गालाला गाल लावून उभी. पिवळ्या फ्रॉकातली गोड पोर. संगीत असं की दगडानंही नाक पुसावं.

धाकटी म्हणाली, “हा फोटोचा प्रसंग आहे.”

“हो.”

“पोर अडीच वर्षांची होती तेव्हा. मासिकवाले फोटो काढायला आले होते, म्हणून थोरलीनं कडेवर घेतलं. उभ्या जन्मात एकदा. आणि पोरीनं तिच्या नव्या पोशाखावर मुतून ठेवलं, तर हिनं अशी धरली लांब, उंदीर धरल्यासारखी, आणि माझ्याकडे फेकली.”

“ते शूट केलंय आम्ही. छान झालं होतं,” कातरीवाली म्हणाली. “त्याच्या चार सेकंद आधी कापलंय. मला सांगितलं तसं केलं आजी. खोटं एकही चित्र नाही यात. नुसती शेजारी शेजारी ठेवलीत.”

तेवढ्यात दार उघडून टोपीवाला आत आला. धाकटीला बघून थबकला, पण गोड बोलण्याची सवय जाते कुठे. “अरे वा, आजी! बघितलंत? थोरल्या बाई किती मोठ्या झाल्या बघा.”

“ती आधीच मोठी होती. तिला माझ्या खांद्यावर कशाला चढवतोस? आणि चढवलंस तर चढवलंस, खालून मला तरी का काढलंस?”

“तुम्हाला वाचवतोय आजी. तुम्ही ते फॉर्म बघितले नाहीत. लोक शिव्या देत होते तुम्हाला.”

“एकतीस होते. मोजता येतं मला,” धाकटी म्हणाली. “मला शिव्याच पाहिजे होत्या रे. एकीच्या. त्या चाळिसांना कुणी विचारलं होतं?”

टोपीवाल्यानं टोपी काढली. आत टक्कल होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं, आणि एरवी धाकटीनं त्यावर दोन दिवस पुरेल एवढा विनोद केला असता. तो म्हणाला, “मग तुम्ही स्वतःच का नाही सांगत ताईंना? एका घरात राहता.”

धाकटी काठी टेकत निघाली. कातरीवाली दारापर्यंत आली आणि म्हणाली, “पहिला सिनेमा खराच होता आजी.” धाकटीनं तिच्याकडे बघितलं, दंडावरून हात फिरवला, आणि जिना उतरली.

थिएटरात दुसरा सिनेमा लागला, गाजलाही. लेक म्हणाली, तिकिटं काढू का? धाकटी म्हणाली, अक्षरं नाहीत त्याला, तुला काय कळणार, टीव्हीवर येईल. लेक म्हणाली, पाय तर दिसतील. धाकटीनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघ्यांसारखं कारण नाही. कधीही काढावं, कधी खोटं नसतं.

आणि मग एका रविवारी दुपारी तीनला टीव्हीवर तिसरा लागला.

लेकीनं खुर्च्या लावल्या. केसांत लाल पेन्सिल खोवलेली. सुट्टीच्या दिवशीही तिच्यावाचून तिला चालत नाही. भिंतीवर, टीव्हीच्या जरा वर, तोच मासिकवाल्यांचा फोटो: थोरलीच्या कडेवर पोर. अक्षरं सुरू झाली तशी लेक चुका काढू लागली. “‘पाऊल’ ऱ्हस्व लिहिलंय. हे बघ, पूर्णविराम खाल्ला. कुणी तपासलंय हे, रेड्यानं?” धाकटी हसत होती, पण एक हात मांडीवर आणि बोटं आपोआप उघडत होती, मिटत होती.

थांबा आला. रडणं आलं, म्हणजे अक्षरांत आलं: ‘बाळाचं रडणं’. लेक सरसावून बसली. ‘जग टाळ्यांची वाट बघत होतं.’ मग तो कडेवरचा क्षण. लेकीचे डोळे भरून आले. ती आईकडे वळली आणि हातांनी म्हणाली, “मावशीनं माझ्यासाठी नाच थांबवला? हे मला कधी सांगितलं नाहीस तू!”

धाकटीच्या मनात काय आलं ते सांगू? तिच्या मनात आलं, मरू दे. चांगलं खोटं आपण होऊन दारात आलंय, आपल्या तोंडानं सांगावंही लागलं नाही. मावशी मोठी होते, लेक सुखी होते, आणि आपलं कुणी नावही घेत नाही. नुसती मान हलवायची. तिनं मान हलवलीसुद्धा, अर्धी.

पण लेक प्रुफं तपासणारी होती. तिनं डोळे पुसले, पडद्याकडे बघितलं, मग वर भिंतीकडे, मग परत पडद्याकडे. केसांतली पेन्सिल काढली आणि फोटोकडे रोखली.

“फ्रॉक हाच आहे.”

धाकटीची मांडीवरची बोटं मिटली.

“ताप आला तेव्हा मी दीड वर्षाची. यातली अडीचची. बूट आहेत पायात. हे पुढचं पान उचलून मागे लावलंय यांनी.” ती जरा हसली, चूक सापडल्यावर हसायची तशी. मग हसू ओसरलं. “मग त्या दिवशी मी कुणाजवळ होते? ती तर स्टेजवर होती. तू कुठे होतीस?”

टीव्हीवर जाहिराती लागल्या. धाकटीला एकदम वाटलं, बरं झालं, पाच मिनिटं मिळाली. मग तिनं हात उचलले. खडू नव्हता लावलेला, पण उजेड भरपूर होता.

“डॉक्टर वेळेवर आला नाही असं मी सांगितलं तुला. डॉक्टर वेळेवर होता. दोन गल्ल्या पलीकडे होता. आपण गेलो नाही.” आणि तिनं सांगितलं. पेटी, सहावं बोट, ताठ मान, मागचं दार. काही शब्द दोनदा करावे लागले. “मग सगळं थांबलं. आणि मॅनेजर आला. त्यानं माझा दंड…”

लेकीनं तिचा दंड धरला, बाही वर केली, डाग बघितला. “हा इस्त्रीचा आहे,” ती म्हणाली. “मी सात वर्षांची होते. माझ्याच गणवेशाची इस्त्री होती.”

असं असतं. खोटं बोलावं तर ज्यानं बघितलं नाही त्याच्याशी. डोळ्यांवर जगणाऱ्या माणसापुढे कुठे टिकतंय?

“कुणी ओढलं नाही मला,” धाकटी म्हणाली.

“मग?”

“मी दाराशी होते. तू छातीशी होतीस. आणि बाहेर एवढी शांतता झाली…” तिनं हात खाली घेतले, परत वर केले. शांततेला तिच्याकडे खूण होती, पण ती बहिऱ्या लेकीपुढे करवेना. “सहाशे माणसं आणि ती, सगळी माझ्यासाठी थांबली होती. माझ्यासाठी. माझ्या बोटांसाठी. मला बरं वाटलं गं. आयुष्यात एकदा मला कळलं की मी नसले तर काही चालत नाही. मी तुला पेटीत ठेवलं आणि गेले. माझ्या पायांनी. पळत गेले.”

लेक बघत राहिली. आईच्या हातांकडे, तोंडाकडे नाही. मग फार दिवसांनी तोंडानं बोलली, त्या जाड, अडखळत्या आवाजात, जो ती घराबाहेर कधी काढत नाही.

“मी मात्र… नसते तर… चाललं असतं.”

आणि तिनं डोळे मिटले.

धाकटी उठली, गुडघे धरून तिच्या खुर्चीपाशी आली, समोरच्या स्टुलावर बसली. लेकीचा हात ओढून मांडीवर घेतला. मूठ घट्ट होती. एकेक बोट सोडवावं लागलं. तळवा उघडला आणि त्यावर ठोके द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहाला तिचं बोट अडलं, पण तिनं ते पुढे रेटलं. नऊ, दहा, अकरा.

आणि धाकटीनं जीभ बाहेर काढली. चांगली लांब, हनुवटीपर्यंत. पुढचे दात नसल्यामुळे आता जास्तच लांब.

साबणाची जाहिरात संपली. सिनेमा परत लागला. पडद्यावर थोरलीनं गिरकी घेतली आणि टाळ्या पडल्या. खाली अक्षरं आली, ‘टाळ्याचा कडकडाट’, त्यातही एक चूक होती. धाकटी जीभ काढून बसून राहिली. जीभ सुकली, टोकाशी थरथरायला लागली, तरी तिनं आत घेतली नाही. लेकीनं डोळे उघडले नाहीत.